मूळचे कुठले?

अनोळखी माणूस समोर आला की मराठी माणसाला तीन प्रश्न पुरतात. आडनाव काय? मूळचे कुठले? आणि तिकडचे ते अमके तुमचे कोण? तिसऱ्याचं उत्तर येईपर्यंत समोरच्याची वंशावळ, गावाकडचा जमिनीचा तुकडा आणि त्यावरून चुलत्याशी चाललेला खटला असं सगळं हाती आलेलं असतं. ही पद्धत रेल्वेच्या डब्यात चालते, पंगतीत चालते, दवाखान्याच्या बाकावर तर फारच चालते. लाकडी पक्ष्यावर मात्र ती चालत नाही. त्याला आडनाव नसतं, आणि असलंच तरी तो सांगत नाही.

आमच्या शोकेसमध्ये असा एक पक्षी आहे. शेजारी कन्याकुमारीचा शिंपल्यांचा गणपती, आत बल्ब पेटणारा आग्र्याचा ताजमहाल, वास केव्हाच उडून गेलेला म्हैसूरचा चंदनी हत्ती. या सगळ्यांच्या पायथ्याशी गावाचं नाव सोनेरी अक्षरांत लिहिलेलं आहे. पक्ष्याच्या अंगावर एक अक्षर नाही. आत्याचे यजमान बोटीवर होते, त्यांनी तो आणला, इतकीच घराण्याला माहिती. कुठून आणला? तर ‘आफ्रिकेतून’. आफ्रिकेत पन्नासाहून अधिक देश आहेत. उद्या कुणी आत्याची पैठणी दाखवून ‘ही आशियातली’ म्हणालं, तर येवल्यात काय म्हणतील याचा विचार करा.

पक्षी दिसायला असा: दीड वीत उंची, काळपट लाकूड, आखूड पाय, दोन फळकुटांसारखे बाजूला निघालेले पंख, चांगलं गरगरीत पोट, आणि कपाळातून निघून थेट त्या पोटावर टेकलेली लांब वाकडी चोच. आमच्या आजीचं निदान पहिल्या दिवशीच झालं होतं: ‘पोटात दुखतंय बिचाऱ्याच्या.’ नंतर आलेल्या कुणाचंही मत इतक्या बारीक निरीक्षणावर आधारलेलं नव्हतं.

कारण पाहुणे पक्षी पाहून मत देत नाहीत, आपली मागची सहल आठवून देतात. नुकतेच बालीला जाऊन आलेल्यांना तो बालीचा वाटतो. केरळहून परतलेल्यांनी तो एका जुन्या देवळातला असल्याचं सांगितलं आणि केळ्याचे वेफर्स देऊन गेले. ज्यांचा मुलगा नैरोबीला आहे त्यांनी ‘मसाई लोकांचं काम’ असा शिक्का मारला. केनियात बाजारासाठी होणारं लाकडी कोरीव काम बहुतांशी कांबा लोकांचं. मसाईंचा जीव गुरांत. पण पर्यटकाला केनियातलं एकच नाव ठाऊक असतं, त्यामुळे कांबांच्या हातची जिराफं मसाईंच्या नावावर खपतात. श्रेय दुसऱ्याला देऊन पैसे आपल्याकडे ठेवण्याची ही व्यवस्था कांबांना मानवली असावी.

मग आला भाचा. तो पक्षिनिरीक्षक आहे, म्हणजे सुटीच्या दिवशी पहाटे चारला उठून घरातल्या सगळ्यांना उठवतो. त्यानं पक्षी हातात घेतला आणि डोळ्यांवर दुर्बीण नसल्याने थोडा गोंधळला. मग म्हणाला, ‘धनेश.’ शिंग नाही, पांढरा पट्टा नाही, मग धनेश कशावरून? ‘एवढी चोच दुसऱ्या कुणाला परवडते?’

हे मात्र पटण्यासारखं होतं, आणि त्याने निम्मी पृथ्वी एका फटक्यात बाद झाली. धनेश आफ्रिकेत आहेत, आशियात आहेत, तिकडे न्यू गिनी नि सॉलोमन बेटांपर्यंत आहेत. अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात नाहीत. अमेरिकेत मोठ्या चोचीचा टुकान असतो, पण तो यांच्या नात्यातला नव्हे. फक्त एक अडचण: पक्ष्याची जात कळली म्हणून कोरणाऱ्याची कळत नाही. आपल्याकडे गंडभेरुंड किती देवळांवर कोरलेला आहे, आणि दोन डोक्यांचा पक्षी आजवर कोणत्याही पक्षिनिरीक्षकाच्या यादीत चढलेला नाही.

धनेश हा लाकूड कोरणाऱ्यांचा फारच आवडता दिसतो. नागालँडात तो कोन्याक नागांच्या मोरुंगच्या, म्हणजे तरुणांच्या सामायिक घराच्या, खांबांवर असतो, आणि २००० सालापासून कोहिमाजवळच्या किसामा इथे डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत त्याच्या नावाने मोठा महोत्सव भरतो. बोर्निओतल्या सारावाकला तर धनेशांची भूमी म्हणतात. तिथले इबान लोक ‘केन्यालांग’ कोरतात: रंगीबेरंगी, कपाळावर जिलबीच्या वेढ्यासारखं वळलेलं शिंग. मोठ्या समारंभात तो उंच खांबावर चढवून त्याची चोच शत्रूच्या मुलखाकडे करायची, म्हणजे त्याचा आत्मा जाऊन तिकडचा समाचार घेतो अशी श्रद्धा. ही माहिती वाचल्यावर आमच्या पक्ष्याची चोच नेमकी कुणाच्या फ्लॅटच्या दिशेने आहे हे मी तपासलं. ती कुणाकडेच नव्हती. ती त्याच्याच पोटाकडे होती. इबान बाद.

स्वतःच्या पोटावर चोच टेकवणारा धनेश सापडला तो आयव्हरी कोस्टच्या उत्तर भागात, कोऱ्होगो शहराच्या आसपास. तिथल्या, आणि लगतच्या माली व बुर्किना फासोतल्या, सेनुफो लोकांचा हा पक्षी. वाढलेलं पोट आणि त्यावर टेकलेली चोच म्हणजे वंशवृद्धी आणि पिढीकडून पिढीकडे जाणारं ज्ञान, असा अर्थ लावतात. जगात सर्वांत आधी जे पाच प्राणी झाले त्यांत कासव, सरडा, साप आणि मगर यांच्या रांगेत धनेशही होता असं तिकडे सांगितलं जातं. पोरो नावाच्या पुरुषांच्या दीक्षामंडळाकडे असे पक्षी असतात. मोठे असतात, काही तर पाच फुटांपर्यंत. काहींची बैठक खालून पोकळ कोरलेली असते, म्हणजे तो डोक्यावर घेऊन मिरवता यावा. आजीला हा सगळा अर्थ सांगितला. ती म्हणाली, ‘म्हणजे पोटाचंच काहीतरी.’

इथे लेख संपवून मी शोकेसमध्ये सोनेरी अक्षरांची पाटी लावायला हरकत नव्हती. पण पाच फूट आणि दीड वीत यांतलं अंतर मनातून जाईना. आमचा पक्षी डोक्यावर घेऊन मिरवायचा म्हटलं तर तो केसांत माळावा लागेल. मग तो उलटा केला. बैठक पोकळ नव्हती. सपाट होती, पॉलिश पेपरने घासलेली होती, आणि तिला हिरव्या बनातीचा गोल तुकडा चिकटवलेला होता. काचेवर ओरखडे उठू नयेत म्हणून. दीक्षामंडळांना काचेच्या टीपॉयची काळजी नसते.

तेव्हा आमचा पक्षी खरोखर कोणत्या जमातीचा, याचं उत्तर त्या बनातीत आहे. ती जमात पर्यटकांची. तिला हसण्याचं कारण नाही. तिच्या चालीरीती पक्क्या आहेत आणि अभ्यासकांनी त्यांवर ग्रंथ लिहिले आहेत. नेल्सन ग्रॅबर्न यांनी पर्यटकांसाठी होणाऱ्या कलांवर १९७६ साली संपादित केलेलं पुस्तक त्या विषयातलं मूळ पुस्तक मानलं जातं. या जमातीत पवित्र वस्तूचा आकार श्रद्धेवर ठरत नाही, सामानाच्या वजनावर ठरतो. वस्तू काळी असावी लागते, कारण काळं म्हणजे जुनं. तिला सपाट बूड लागतं. आणि तिच्याबरोबर एक गोष्ट यावी लागते, विमानतळावर सांगितलेली, घरी पोहोचेपर्यंत दुप्पट झालेली. कोऱ्होगोत कुलेबेले नावाचा कोरक्यांचा समाज आहे. ते पोरोसाठीही कोरतात आणि बाजारासाठीही कोरतात, आणि व्यापारी तो माल आबिजानच्या बंदरापर्यंत नेतात. बोटीवरचे आतोबा तिथेच उतरले असणार. कांबांची गोष्ट आणखी मजेची. त्यांच्यातला मुतिस्या मुंगे हा पहिल्या महायुद्धाच्या निमित्ताने टांगानिकात गेला, तिथल्या कोरक्यांची कला शिकून आला, आणि त्यातून गावंच्या गावं चालवणारा धंदा उभा राहिला. म्हणजे नैरोबीचा ‘परंपरागत’ जिराफ आपल्या किर्लोस्करवाडीपेक्षा वयाने लहान आहे.

बरं, पर्यटकांचा का होईना, पण सेनुफो पद्धतीचा पक्षी आहे, एवढ्यावर तरी थांबावं, तर तेही अभ्यासक थांबू देत नाहीत. न्यू यॉर्कमध्ये १९६३ साली रॉबर्ट गोल्डवॉटर यांनी सेनुफो शिल्पांचं गाजलेलं प्रदर्शन भरवलं. पुढे २०१५ साली क्लीव्हलंडच्या संग्रहालयाने दुसरं भरवलं आणि त्यात विचारलं की ‘सेनुफो’ हा शिक्का मुळात मारला कुणी? फ्रेंच अधिकाऱ्यांनी वसाहतीच्या काळात वेगवेगळ्या बोलीच्या, वेगवेगळ्या गावच्या लोकांना एका नावाखाली घातलं, आणि मग संग्राहकांनी त्या नावाच्या लाकडी वस्तूंची ‘शैली’ ठरवली. हे वाचून मला त्या पक्ष्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला. संगमनेरकर आडनावाच्या किती जणांनी संगमनेर एस.टी.च्या खिडकीतूनच पाहिलेलं असतं!

लाकूड तपासलं तर? हाही सल्ला आला, अर्थात शेजारच्या निवृत्त इंजिनियरांकडून. देहरादूनच्या वन अनुसंधान संस्थेत लाकडाच्या हजारो नमुन्यांचा संग्रह आहे. आडव्या छेदावरची छिद्रं भिंगाखाली पाहून जाणकार झाड ओळखतात. पण झाड म्हणजे गाव नव्हे. साग आपला म्हणून आपण छाती काढतो, आणि सागाची लागवड आज आयव्हरी कोस्टमध्येही आहे. कार्बनवरून वय काढायचं तर झाडाचं लाकूड केव्हा वाढलं ते कळेल, त्यातून पक्षी केव्हा निघाला ते नाही. शंभर वर्षांच्या तुळईतून काल दुपारी पोपट कोरता येतो. जोधपूरकडे बरेच जण हेच करतात.

माझा स्वतःचा भरवसा पक्षी उलटा करण्यावर आहे. तोंडावरून फसगत होते, पोट खोटं बोलत नाही. कोरियात लग्नात नवऱ्या मुलाने वधूच्या आईला लाकडी हंस द्यायचा असतो. पूर्वी जिवंत देत, कारण हंस आयुष्यभर एकच जोडीदार धरतो म्हणतात. साधा, गुळगुळीत, मान ताठ केलेला पक्षी. आता अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा लाकडी बदक शेजारी ठेवा. तोही साधा, गुळगुळीत. तो पाण्यावर सोडतात, वरून उडणाऱ्या बदकांना वाटतं खाली आपली माणसं निवांत बसली आहेत, ती उतरतात आणि शिकारी बार काढतो. एक पक्षी लग्नासाठी, दुसरा बंदुकीसाठी. दोन्हींचं काम वरून भरवसा वाटायला लावणं. फरक खालून कळतो. शिकाऱ्याच्या बदकाच्या पोटाला तो लाटेवर उलटू नये म्हणून शिशाचं वजन असतं आणि दोरी बांधायला कडी असते. हा बदक हसण्यावारी नेऊ नका. मॅसॅच्युसेट्सच्या एल्मर क्रोवेल यांनी कोरलेले असे दोन पक्षी २००७ साली प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरना विकले गेले. कुणी कोरला ते ठरलं की किंमत ठरते; ते न ठरलेला बदक स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवतात.

काही पक्षी मात्र उलटे करूनही कळत नाहीत. रशियाच्या उत्तरेला, अर्खान्गेल्स्कच्या भागात, देवदाराच्या जातीच्या ओल्या लाकडातून पंख्यासारखी पिसं चिरून पक्षी करतात. खिळा नाही, गोंद नाही. पातळ पापुद्रे सुरीने काढायचे आणि एकमेकांत अडकवत पसरायचे. छताला टांगला की चुलीच्या उबेवर तो हळूहळू फिरतो. त्याला सुखाचा पक्षी म्हणतात. आजारी मुलासाठी बापाने पहिला केला अशी कथा आहे. मग हा रशियन? स्वीडनमध्ये तोच आहे, फिनलंडमध्ये आहे, स्लोव्हाकियाच्या डोंगरात आहे, आणि अमेरिकेत जंगलतोडीच्या छावण्यांत युरोपातून गेलेले मजूर तोच करत. प्रत्येकाची कथा वेगळी, पक्षी एकच. सरळ रेषांचं लाकूड, धारदार सुरी आणि बाहेर पाच महिने बर्फ, एवढं जमलं की हा पक्षी होतोच, असं दिसतं. आपल्याकडे तो झाला नाही याचं कारण आपला हिवाळा. स्वेटर कपाटातून काढेपर्यंत तो संपतो.

ओळख पटवण्याच्या उत्साहाचा कळस पाहायचा तर इजिप्तला जावं. सक्काऱ्याच्या थडग्यांत १८९८ साली एक लाकडी पक्षी सापडला, उंबराच्या नात्यातल्या सायकमोरच्या लाकडाचा, वीतभर पंखांचा, ख्रिस्तपूर्व २०० च्या सुमाराचा. कैरोच्या संग्रहालयात तो इतर पक्ष्यांमध्ये गुण्यागोविंदाने राहत होता. १९६९ साली डॉ. खलील मेसीहा यांनी त्याची शेपटी उभी आहे हे पाहून जाहीर केलं की हा पक्षी नव्हे, हे विमान! तेव्हापासून त्याला स्वस्थता नाही. कुणी म्हणतं खेळणं, कुणी म्हणतं वाऱ्याची दिशा दाखवणारा. ज्यांनी प्रतिकृती उडवून पाहिल्या त्यांच्यातल्या जाणकारांचं म्हणणं असं की मागे आडवा पंख जोडल्याशिवाय तो हवेत टिकत नाही. आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा फोटो पुष्पक विमान म्हणून दर पंधरवड्याला येतो. त्याच्या चेहऱ्यावर डोळे रंगवलेले आहेत. विमानाला डोळे कशाला, हे ग्रुपवर विचारू नये, ॲडमिन रागावतात.

पण खोट्या ओळखीच्या बाबतीत आपण इजिप्तला हार जाण्याचं कारण नाही. पंचतंत्रात एक विणकर राजकन्येच्या प्रेमात पडतो. त्याचा सुतार मित्र त्याला लाकडाचा उडता गरुड करून देतो, आणि विणकर त्यावर बसून विष्णू म्हणून राजवाड्याच्या सातव्या मजल्यावर उतरतो. राजा हे ऐकून इतका खूश होतो की देव जावई मिळाला म्हणून शेजारच्या सगळ्या राजांशी भांडण काढतो. एकही दरबारी गरुड उलटा करून पाहत नाही. शेवटी शत्रूने शहराला वेढा घातल्यावर खऱ्या विष्णूला घोर पडतो, कारण हा मेला तर विष्णू मेला अशी बोंब होईल आणि लोक पूजा थांबवतील. मग विष्णू विणकरात शिरतो, खरा गरुड लाकडी गरुडात शिरतो आणि लढाई जिंकून दिली जाते. एकदा लेबल चिकटलं की खऱ्यालाही ते निभवावं लागतं. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनी या कथेची रोज पोथी लावायला हवी.

मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर जा. तिथला प्रत्येक लाकडी पक्षी कुठल्या ना कुठल्या संस्थानिकाच्या घरून आलेला असतो. सगळे खरे धरले तर आपल्या राजेमंडळींनी राज्यकारभार सोडून पक्षीच पाळले म्हणायचे. चहाच्या पाण्याने आणलेला तपकिरी रंग, बुटाच्या पॉलिशची चमक, बारीक गिरमिटाने पाडलेली किड्याची भोकं. भोकात टाचणी घाला: किडा कधी सरळ जात नाही, गिरमीट कधी वाकडं जात नाही. वय शंभर वर्षं सांगितलं तर दुकानदाराला १९७२च्या पुरावशेष कायद्याची आठवण करून द्या. शंभर वर्षांची वस्तू त्या कायद्याखाली येते आणि देशाबाहेर नेता येत नाही. समोर परदेशी गिऱ्हाईक असेल तर पक्षी तिथल्या तिथे तरुण होतो.

हसून झाल्यावर एक गोष्ट मात्र खुपते. कोऱ्होगोचा धनेश मला अर्ध्या तासात फोनवर सापडला. आमच्या पेठेतला वाडा पाडला तेव्हा त्याच्या दिंडीदरवाजावर, खांबांच्या हस्तांवर पोपट होते. ते कोणत्या सुतारानं कोरले, तो कुठून आला होता, गुजराथेतून की कोकणातून, हे सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं. लाकूड किलोवर गेलं. आता त्यांतले पोपट कुठल्याशा फार्महाऊसवर ‘राजस्थानी’ म्हणून मिरवत असतील, आणि त्यांची चूक काढायला आपल्याकडे पुरावा नाही. गडचिरोली-बस्तरकडे माडिया लोक मृतांच्या स्मरणार्थ जे कोरीव खांब उभारत आले, त्यांच्या माथ्यावरही लाकडी पक्षी असतात. ते पक्षी ओळखणारी माणसं तिथे अजून आहेत. शहरातल्या बंगल्याच्या बागेत आणून रोवलेल्या खांबाबद्दल मात्र मालकाला विचाराल तर तो म्हणतो, ‘आफ्रिकन टच.’

तेव्हा शोकेसवाल्यांना एक विनंती. घरात असा मुका पक्षी असेल तर आणणारा माणूस हयात आहे तोवर त्याला समोर बसवा आणि असेच तीन प्रश्न विचारा. कुठल्या गावी घेतला, कुणाकडून घेतला, कोणत्या साली. उत्तर जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा, शाईने नको; दमट हवेत शाई लाकडात उतरते. चिठ्ठी पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने बांधा. आणि किंमतही लिहा. बायकोला सांगितलेली नव्हे, दिलेली.